पुसेगांवचें माळरान आणि गोल्फची काठी

गोल्फ या खेळाचें नांव आपल्या सुशिक्षित घरांत निघालें, म्हणजे बहुधा दोनच प्रकारचे भाव दिसून येतात. तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढें हिरवेंगार मैदान, पांढरे बूट आणि मोठ्या पगाराची नोकरी उभी राहते. तर वडीलधाऱ्यांच्या मुखावर एक बारीकसें स्मित उमटतें. लिंबाएवढा चेंडू लहानशा खळगींत घालण्यासाठीं शंभर एकर जमीन कशाला अडवावी, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. हौस म्हणून गेलीं बारा वर्षें मी हा खेळ खेळत आहें, आणि या दोन्ही मतांत थोडें थोडें तथ्य आहे असें मला वाटत आलें आहे. परंतु या प्रश्नाचा नीट विचार पुण्यामुंबईच्या हिरवळीवर होत नाहीं. तो मला सुचला मराठवाड्यांतील एका उघड्या माळावर, जेथें गोल्फचें नांवहि फारसें कोणाच्या कानावर गेलेलें नव्हतें.

पुसेगांव म्हटलें कीं पुष्कळांस सातारा जिल्ह्यांतील सेवागिरी महाराजांचें पुसेगांव आठवतें. मी म्हणतों तें पुसेगांव निराळें. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतलें. माझ्या धाकट्या बहिणीचें तें सासर. दिवाळीनंतर चार दिवस तिच्याकडे राहून येण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या खेपेस निघतांना सामानांत एक लोखंडी काठी आणि डझनभर जुने चेंडू टाकले, एवढाच काय तो फरक.

हिंगोलीस उतरल्यावर गांवांत शिरतांच मोहल्ल्यांचीं नांवें कानांवर पडतात: रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, सदरबाजार. परक्या माणसास नवल वाटावें अशीं हीं नांवें आहेत. पण त्यांच्या मागें इतिहास आहे. निजामाच्या मुलखांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जी हैदराबाद कंटिंजंट नांवाची फौज असे, तिची एक छावणी हिंगोलीस होती आणि ती १९०३ पर्यंत टिकली. छावणी गेली, नांवें मागें राहिलीं. पुढें १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान मुक्त झालें, आणि १९९९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस परभणींतून निघून हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला.

छावणीचा उल्लेख मी मुद्दाम केला. हिंदुस्थानांत गोल्फ आला तो इंग्रज व्यापारी आणि लष्करी अधिकारी यांच्या सामानांतून. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना मानतात. मुंबईचा क्लब १८४२ सालीं निघाला. म्हणजे ग्वाल्हेर किंवा नागपूर येथें आगगाडी पोंचण्याच्या कितीतरी आधीं हा खेळ आपल्या देशांत येऊन बसला होता. मात्र तो आला तो कुंपण घेऊनच. आंत साहेब, बाहेर काठ्यांचें ओझें वाहणारीं पोरें, अशी त्याची रचना होती. मुंबईस १९१८ सालीं विलिंग्डन क्लब निघाला, तो गोऱ्यांबरोबर हिंदी लोकांसहि प्रवेश असावा याच हेतूनें. यावरून तोंपर्यंतची स्थिति काय होती हें वाचकांनीं ओळखावें. कातडीच्या रंगाचें कुंपण पुढें गेलें, पैशाचें राहिलें. सभासद होण्याकरितां वर्षानुवर्षें वाट पाहावयास लावणारे क्लब आजहि आहेत, आणि ओळखीच्या गृहस्थाचा पाहुणा म्हणून गेलों असतां फाटकापाशीं पाऊण तास उभें राहण्याचा प्रसंग माझ्यावरहि आलेला आहे.

पुसेगांवच्या परिसरांतली जमीन म्हणजे मराठवाड्याची काळी कसदार जमीन. सोयाबीन निघून गेलें होतें, तूर फुलावर होती, कपाशीची वेचणी चालली होती, आणि हळदीचीं हिरवीं पानें आतां पिवळीं पडूं लागलीं होतीं. परंतु या काळ्या जमिनीच्या अधूनमधून जे मुरमाड उंचवटे वर येतात, तेथें नांगर चालत नाहीं. पावसाळ्यांत त्यांवर कुसळी गवत उगवतें, गुरें तें खुडून खातात, आणि दिवाळीनंतर तेथें उरतो तो तांबूस मुरूम, चार बाभळी आणि भरपूर वारा. अशाच एका माळावर सकाळच्या वेळीं मी माझी काठी घेऊन गेलों. बहिणीचे सासरे, ज्यांस घरांत सर्व आबा म्हणतात, त्यांनीं एवढेंच विचारलें, "गुरांना लागणार नाहीं ना?" गुरें पलीकडच्या अंगास गेल्याशिवाय चेंडू मारावयाचा नाहीं, अशी हमी दिल्यावर परवानगी मिळाली.

येथें उपकरणांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत; कारण नवशिक्या माणसाचा सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठा गैरसमज येथेंच होतो. नियमाप्रमाणें खेळाडूस चौदा काठ्यांहून अधिक काठ्या बाळगतां येत नाहींत. ही मर्यादा अमेरिकेंत १९३८ सालीं आणि ब्रिटनमध्यें पुढच्याच वर्षीं घालण्यांत आली. तत्पूर्वीं कांहीं खेळाडू वीसपंचवीस काठ्या घेऊन फिरत आणि त्यांच्या कॅडीचे खांदे मोडून जात. चौदा ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे, हें दुकानदार सांगत नाहीं. काठीकाठींत मुख्य भेद असतो तो तिच्या मुखाच्या तिरपेपणाचा. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचें मुख जवळजवळ उभें, सुमारें दहा अंश कललेलें असतें. सात नंबरच्या लोखंडी काठीचें तीस ते पस्तीस अंश. आणि वाळूंतून चेंडू उचलणाऱ्या वेजचें पन्नासाच्याहि वर. मुख जितकें तिरपें, तितका चेंडू उंच जातो, उलटा फिरतो आणि पडल्यावर लवकर थांबतो. हें एक तत्त्व ध्यानांत घेतलें म्हणजे हौशी माणसास सात नंबरची काठी, एक वेज, एक पटर आणि वाटल्यास एखादी लांब काठी, एवढ्यांत पहिलीं तीन वर्षें सुखानें काढतां येतात. त्या काठ्या जुन्या बाजारांतल्या असल्या तरी कांहीं बिघडत नाहीं. माझी सात नंबरची काठी माझ्या हातीं आली तेव्हां तिचें वय मला ठाऊक नव्हतें, आणि तिलाहि माझें विचारावेसें वाटलें नसावें.

चेंडूची कथा तर याहून बोधप्रद आहे. पूर्वीं स्कॉटलंडांत कातड्याच्या इवल्याशा पिशवींत टोपीभर पिसें ठासून चेंडू करीत. कसबी कारागिराच्या हातून दिवसाकाठीं असे तीनचार चेंडू निघत, आणि भिजले कीं ते फुटत. साहजिकच खेळ श्रीमंतांच्या हातीं राहिला. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नांवाच्या, मलायाकडील झाडाच्या चिकापासून केलेले चेंडू निघाले. पूर्वेकडून आलेल्या एका विष्णुमूर्तीच्या वेष्टनांत हा पदार्थ भरलेला होता आणि त्यावरूनच सेंट अँड्र्यूज येथील एका गृहस्थास ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, नव्या चेंडूची किंमत एकदम खालीं आली आणि सामान्य कारागीर, शिक्षक, दुकानदार हे मैदानावर दिसूं लागले. आणखी एक गंमत झाली. गुळगुळीत नवा चेंडू नीट उडेना. फटके खाऊन ओरखडलेला चेंडू मात्र दूर जाई. तेव्हां लोक मुद्दामच चेंडूवर खुणा पाडूं लागले. आजच्या चेंडूवरील बारीक खळग्यांचा जन्म त्यांतूनच झाला. त्या खळग्यांमुळें चेंडूच्या मागें हवेची ओढ कमी होते, हें शास्त्र मागाहून कळलें. पुढें १८९८ सालीं रबराच्या गाभ्याचा चेंडू आला, आणि १९२९ सालीं ब्रिटनमधील नियामकांनीं लाकडी दांड्याऐवजीं पोलादी दांड्यास मान्यता दिली. सारांश, वस्तु स्वस्त झाली तेव्हां खेळ पसरला. हा धडा क्रीडासाहित्याच्या आजच्या बाजारांत कोणी फारसा आठवत नाहीं.

माळावर पहिले दोन चेंडू मारून होतात न होतात तोंच सातआठ मुलें जमलीं. तेथेंहि आतां क्रिकेटचेंच राज्य आहे. परंतु त्या दिवशीं त्यांचा चेंडू हरवला होता, म्हणून बाभळीच्या लांकडाची विटी आणि हातभर दांडू घेऊन डाव चालला होता. मुरमांत गल खणलेली, एकजण विटी कोलीत होता, बाकीचे झेल टिपण्यास पसरले होते. दांडूनें अंतर मोजतांना तीं मुलें जुन्याच पद्धतीनें मोजीत होतीं: वकट, लेंड, मुंड, नाल. तेलुगूंत एक, दोन, तीन, चार यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे शब्द कोणत्या वाटेनें आले असतील याची कल्पना येईल. हा खेळ सर्व महाराष्ट्रांत याच शब्दांनीं मोजला जातो. पण तेलंगणाच्या इतक्या जवळ ते ऐकतांना जुन्या दळणवळणाची खूण पटल्यासारखें होतें.

दोन खेळ शेजारीं शेजारीं पाहिले म्हणजे त्यांचें नातें ध्यानांत येतें. दोहोंतहि काठी, दोहोंतहि जमिनींतली खळगी, दोहोंतहि उघडें रान. फरक एवढाच कीं विटी उडाल्यावर मारावयाची, आणि गोल्फचा चेंडू स्वस्थ पडलेला असतांना. ऐकावयास हें सोपें वाटतें. पण हालती वस्तु मारतांना विचार करण्यास वेळच नसतो, आणि स्थिर चेंडूपुढें उभें राहिलें कीं मनांत शंभर विचार येतात. हात सैल धरावे कीं घट्ट, नजर कोठें ठेवावी, काल चुकलें तसें आजहि चुकेल काय! गोल्फमधला खरा प्रतिस्पर्धी हाच. शिवाय या खेळांत बहुधा पंच जवळ नसतो. आपले फटके आपणच मोजावयाचे आणि झुडुपामागें कोणी पाहत नसतांना चेंडू हलला तर तोहि आपणच सांगावयाचा. दुर्बळ व सबळ यांस एकत्र खेळतां यावें म्हणून दुर्बळास कांहीं फटक्यांची सूट देतात. तिला हँडिकॅप म्हणतात. त्यामुळें सत्तरीचे आजोबा आणि विशींतला नातू बरोबरीनें झुंजूं शकतात. एकत्र कुटुंबाला इतका अनुकूल मैदानी खेळ मला दुसरा माहीत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं बहीण आमच्यासाठीं चहा घेऊन माळावर आली. मुलें एकेक करून काठी फिरवून पाहत होतीं आणि मुरूम उडवीत होतीं. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "दादा, ही विटी तर पळूनसुद्धां जात नाहीं. मग तूं एवढा विचार कशाचा करतोस?" मी काठी तिच्या हातीं दिली. लहानपणीं आमच्या आळींत तिच्याइतकी लांब विटी मारणारें कोणी नव्हतें. ती बारा वर्षांची झाली आणि तिचा दांडू माळ्यावर गेला. माझा मात्र महाविद्यालयांत जाईपर्यंत चालू होता. तिनें पदर खोचला. पहिला चेंडू हुकला, दुसरा जमिनीलगत गेला. तिसरा मात्र असा नेमका बसला कीं तो टणत्कार ऐकून मुलेंहि गप्प झालीं. चेंडू पलीकडच्या बाभळीवरून गेला. "काकू, अजून एक!" असा गलका झाला. पण तिनें काठी माझ्या हातीं परत दिली, पदर सोडला आणि गांवाच्या वाटेकडे एकदां पाहून घेतलें, कोणी येत नाहीं ना म्हणून. त्या एका दृष्टिक्षेपानें सार्वजनिक मैदान या शब्दाचा अर्थ मला नव्यानें तपासावयास लावला.

सार्वजनिक म्हणजे कोणाचें? स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज हें या खेळाचें माहेरघर. तेथील मैदान एखाद्या क्लबाच्या मालकीचें असेल अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. १५५२ सालच्या एका सनदेनें त्या समुद्रकांठच्या जमिनीवर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क मान्य झाला, आणि १९७४ पासून पार्लमेंटाच्या कायद्यानें नेमलेला न्यास तिची व्यवस्था पाहतो. जगप्रसिद्ध जुनें मैदान रविवारीं खेळास बंद ठेवतात आणि गांवचे लोक मुलांबाळांसह त्यावरून फिरतात. तेथेंच १८६७ सालीं स्त्रियांचा एक पटिंग क्लब निघाला. काठी खांद्याच्या वर नेणें हें कुलीन स्त्रीस शोभत नाहीं अशी त्या काळची समजूत. म्हणून त्यांच्या वांट्यास केवळ चेंडू ढकलण्याचें लहानसें उंचसखल आवार आलें. त्या उंचवट्यांवरून त्यास हिमालय असें नांव पडलें, आणि आज थोडें शुल्क देऊन कोणीहि तेथें खेळूं शकतो. मर्यादा घालण्यासाठीं दिलेली जागा अखेर सर्वांची झाली. आपल्याकडेहि काळ थांबलेला नाहीं. बंगळूरची अदिति अशोक टोकियोच्या ऑलिंपिकांत चौथी आली, तेव्हां ज्यांनीं गोल्फ कधीं पाहिला नव्हता अशा घरांतून पहांटे उठून लोक तिचा खेळ पाहत होते. आणि १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहून शिकलेला होता.

सर्वांसाठीं मैदान असावें असे प्रयत्न आपल्या देशांतहि झाले आहेत. दिल्ली विकास प्राधिकरणानें कुतुबमिनाराजवळ लाडो सराय येथें, आणि सिडकोनें नव्या मुंबईंत खारघरच्या डोंगरांच्या कुशींत सर्वांसाठीं म्हणून गोल्फचीं मैदानें उभारलीं. नाशिकचें उदाहरण याच्या उलट आहे. तेथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक अजून गोल्फ क्लब मैदान म्हणतात. पण त्यावर रणजी करंडकाचे क्रिकेटचे सामने झालेले आहेत आणि सकाळसंध्याकाळ शहर तेथें चालावयास येतें. काठ्या गेल्या, मैदान मात्र लोकांपाशीं राहिलें. दोहोंपैकीं कोणता लाभ मोठा, असें मला कोणी विचारलें तर, मी गोल्फचा भक्त असूनहि, नाशिककडे बोट दाखवीन.

कारण आबांनीं त्या रात्रीं जेवणानंतर जो प्रश्न केला, त्यास उत्तर देणें मला सोपें गेलें नाहीं. ते म्हणाले, "खेळ चांगला आहे हो. पण याला पाणी किती लागतें?" २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें, हें ज्या मराठवाड्यानें पाहिलें, तेथें हा प्रश्न प्रथम विचारला जाणें योग्यच आहे. अठरा खळग्यांच्या मैदानास शंभर एकरांहून अधिक जमीन लागते, आणि ती हिरवी ठेवावयाची तर पाण्याचा पाट वाहता ठेवावा लागतो. असें मैदान येथें करूं नये, हें मी निःशंकपणें सांगितलें. पण हिरवळ हा गोल्फचा प्राण नव्हे, हेंहि सांगितलें. आपल्याच देशांत कोरड्या प्रांतांतील जुन्या लष्करी मैदानांवर खळगीभोंवतीं गवताऐवजीं तेल मिसळलेली वाळू दाबून सपाट करीत आणि तिला ग्रीन न म्हणतां ब्राऊन म्हणत. पाण्याचा एक थेंबहि न लागतां चेंडू तिच्यावरून सरळ घरंगळतो.

आणि मुळाकडे गेलें तर गोल्फ जन्मला कोठें? स्कॉटलंडांत समुद्र आणि शेतें यांच्यामधली, नांगरास निरुपयोगी अशी जी वाळवट जमीन, तिच्यावर मेंढ्या गवत खुडून आखूड करीत, आणि त्या आखूड गवतावर मेंढपाळ व गांवकरी काठीनें चेंडू मारीत. म्हणजे आज ज्यास आपण श्रीमंतांचा खेळ म्हणतों, तो मुळांत गायरानावरचा खेळ आहे. गायरान होतें म्हणून तो झाला. हें ऐकून आबा जरा सावरून बसले. कारण गायरान या शब्दाचा अर्थ गोल्फ या शब्दाहून त्यांस अधिक कळतो. गांवोगांव गायरानें आकसत चाललीं आहेत, कडेनें कोणी तार ओढतो, कोणी चाळ बांधतो. सर्वोच्च न्यायालयानें २०११ च्या जानेवारींत जगपालसिंग खटल्याच्या निकालांत गांवाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करावीं असें सर्व राज्यांस बजावलें. तरी निकाल आणि माळ यांच्यामधलें अंतर अजून पुष्कळ आहे. विटीदांडूस, क्रिकेटास वा गोल्फास सर्वांत महाग उपकरण कोणतें, तर मोकळी जमीन. काठी जुनी चालते, चेंडू ओरखडलेला चालतो. जमीन गेली कीं ती कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

तेव्हां वाचकांस माझी विनंति एवढीच कीं, आपल्या गांवांत गोल्फ यावा किंवा न यावा याची चिंता त्यांनीं करूं नये. आपल्या आळीमागें, शाळेमागें, गांवाबाहेर जो मोकळा तुकडा उरला असेल, तो कोणाच्या नांवें आहे हें एकदां तलाठ्याकडे जाऊन पाहावें. आणि त्यावर घरांतील मुलीसुना वाटेकडे न पाहतां किती वेळ उभ्या राहूं शकतात, हेंहि पाहावें. या दोन गोष्टींवरून त्या गांवांत खेळ आहे कीं नाहीं हें ठरतें.

निघतांना मी ती सात नंबरची काठी आणि उरलेले नऊ चेंडू बहिणीपाशीं ठेवले. ती काठी कोठीच्या खोलींत नेऊं लागली, तों आबा झोंपाळ्यावरून म्हणाले, "सूनबाई, आंत नको. ओसरीवर असूं दे. ज्याला न्यायची असेल त्याच्या हाताशीं राहील." आणि क्षणभर थांबून म्हणाले, "तुमच्याहि."